सहा घरं, एक नळी आणि सायकलचा कुत्रा

डलासला राहणाऱ्या भाच्याचा मागच्या महिन्यात फोन आला. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली होती आणि साहेब दुकानात उभे राहून विचारत होते, "मामा, अडीचशे डॉलरला नवं .38 चं (हा काडतुसाच्या मापाचा आकडा) रिव्हॉल्व्हर मिळतंय. नावाजलेल्या कंपनीचं आठशेच्या पुढे जातं. हे घेऊ का? तसंही रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही म्हणतात."

घरात हत्यार असावं की नसावं, हा प्रश्न मी त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर सोडला. पण ते शेवटचं वाक्य कानाला टोचलं. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं मेट्रॉलॉजी, म्हणजे अचूक मोजमापाचं शास्त्र, शिकवली. मायक्रोमीटर आणि गेजच्या संगतीत केस पांढरे झालेल्या माणसासमोर कुठल्याही यंत्राबद्दल 'कधीच नाही' म्हणू नये.

ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. मॅगझिनवाल्या पिस्तुलात पुढची गोळी आत ढकलायचं काम आधीच्या गोळीच्या धक्क्यावर चालतं. एक काडतूस फुसकं निघालं की साखळी तुटते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं एका फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसलेली असतात आणि तो फिरवायची ताकद मिळते ती तुमच्या बोटातून. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढचं घर समोर येईल. इथवर सगळं खरं. पण रिव्हॉल्व्हर जेव्हा अडकतं, तेव्हा ते झटका देऊन सुटत नाही, त्याला कारागिराच्या टेबलावरच न्यावं लागतं. आणि ते का अडकतं हे समजायला सायकलच्या दुकानात जावं लागेल.

फ्रीव्हील उघडलेलं पाहिलंय का? आत दातेरी कडं असतं आणि त्या दात्यांत अडकणारे दोन छोटे पोलादी तुकडे. सायकलवाले त्यांना 'कुत्रे' म्हणतात. कुत्रे झिजले की पेडल रिकामं फिरतं आणि आपण चढावर तोंडघशी पडतो. रिव्हॉल्व्हरच्या पोटात असाच एक कुत्रा आहे. चाप ओढला की तो वर सरकतो, सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलतो आणि सिलिंडर फिरवतो. सहा घरं असतील तर दर वेळी बरोबर 60 अंश. शेवटच्या क्षणी खालून एक खटका वर येतो, सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावरच्या खाचेत 'टक्' करून बसतो, आणि त्यानंतरच घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आपटणारी हातोडी, पडायला हवा. हा क्रम म्हणजे टायमिंग. घोडा आधी पडला आणि खटका नंतर बसला, तर गोळी सुटते तेव्हा काडतुसाचं घर नळीच्या सरळ रेषेत नसतं.

आता माझ्या आवडीचा भाग. कुत्रा ज्या दात्यांना ढकलतो ते मध्यापासून साधारण 5 मिलिमीटरवर असतात. काडतुसांची घरं 11 मिलिमीटरवर, आणि खाचा पार कडेला, 18 मिलिमीटरवर. म्हणजे कुत्रा एक दशांश मिलिमीटर आखूड निघाला, तर घर 0.22 मिलिमीटर मागे राहतं आणि खाच 0.36 मिलिमीटर. मध्याजवळची चूक बाहेर जाता जाता फुगते. उलट कडेला बसणाऱ्या खटक्यात एक दशांशाची ढिलाई असली, तर घरापाशी ती 0.06 इतकीच उरते. मध्याजवळून ढकलायचं, कडेला धरायचं! कुत्र्याने घर नळीसमोर नुसतं आणून सोडायचं, नेमकेपणा खटक्याने सांभाळायचा. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटतो.

तरी नेमकेपणा पूर्ण येत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार कसा? चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती 0.1 ते 0.2 मिलिमीटर असते. 9 मिलिमीटर जाडीची शिशाची गोळी ही फट उडी मारून ओलांडते. तिला सावरून घ्यायला नळीच्या मागच्या तोंडाला नरसाळ्यासारखा उतार दिलेला असतो. चूक थोडी असली तर गोळी उतारावर घासत स्वतःच सिलिंडरला रेषेत ओढते. म्हणूनच खटक्यात किंचित ढिलाई मुद्दाम ठेवतात. चूक जास्त असली तर शिशाची कपची निघून फटीतून बाजूला उडते आणि शेजारी उभा असलेला माणूस गाल चोळतो.

मग स्वस्त आणि महाग यांत फरक कुठे पडतो? एकेक माप पाहिलं तर फारसा कुठेच पडत नाही. फ्रेममधलं (सगळे भाग ज्यात बसतात त्या सांगाड्यातलं) भोक, सिलिंडरची दांडी, घरांची जागा, खाच, खटका, नळीचे आटे, अशी सहा मापं धरा. प्रत्येकाला अधिक-उणे 0.03 मिलिमीटरची मुभा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी जाडी. सहाही चुका एकाच दिशेला गेल्या तर बेरीज 0.18. पण चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत, एकमेकींना खातात. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर 0.07 येतं. बहुतेक नग त्याच्या आत, थोडे त्याच्या बाहेर आणि एखादा अगदी टोकाला. (इथे वर्गात मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर बघू लागायची. तुम्हीही बघा, हरकत नाही. एवढंच धरा की टोकाचा नग निघतोच.)

त्या टोकाच्या नगाचं काय करायचं, याचे पैसे महाग कंपनी घेते. 1955 साली आलेल्या कोल्टच्या 'पायथन'मध्ये फिटर कानस घेऊन बसायचा आणि भाग एकमेकांना जुळवायचा. 'फ्रीडम आर्म्स' तर सिलिंडर फ्रेममध्ये बसवून, नळीची रेषा धरूनच घरं पाडते. तिथे चुकांची बेरीज होण्याचा प्रश्नच मुळात मिटवलेला आहे, आणि किंमत दोन हजार डॉलरच्या वर. स्वस्त कंपनी पेट्यांतून भाग उचलते, जोडते, अधूनमधून एखादा नग तपासते आणि खोकं बंद करते. त्यामुळे तिचा सरासरी माल वाईट असतोच असं नाही. वाईट असतो तो पसारा. एक म्हणतो, "माझं दहा वर्षं चालतंय." दुसरा म्हणतो, "तिसऱ्या दिवशी सिलिंडर फिरेना." दोघंही खरंच बोलत असतात. वाण एक, नग वेगळा.

एका नगावरून निष्कर्ष काढणारे मग 1981 चं उदाहरण देतात. 30 मार्चला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तो 'रोम' (Röhm) नावाच्या कंपनीच्या आरजी-14 या .22 च्या रिव्हॉल्व्हरने, डलासच्या तारण-दुकानातून 47 डॉलरला घेतलेल्या. सुमारे 1.7 सेकंदांत सहाच्या सहा गोळ्या सुटल्या. यावरून 'स्वस्तही चालतं' हे सिद्ध होतं का? मटक्याचा एक आकडा लागला म्हणून मटका फायद्याचा ठरत नाही.

त्या आरजी-14 ची फ्रेम जस्ताच्या मिश्रधातूची होती. झामॅक म्हणतात ती: जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत तांबं. घरातले स्वस्त नळ आणि पँटच्या चेनचे सरकते भाग हिचेच. ती 385 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पोलादी साच्यात ओतली की तयार आकार बाहेर येतो, लेथवर चढवायची गरज जवळजवळ नाही. इलिनॉय, दक्षिण कॅरोलायना अशा काही अमेरिकन राज्यांनी स्वस्त हत्यारं रोखायला कायदाच असा केला की 800 अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे 427 सेल्सियसच्या खाली वितळणाऱ्या धातूचं हत्यार विकायचं नाही. रिव्हॉल्व्हर कोणी भट्टीत घालून वापरत नाही, त्यामुळे हे ऐकून हसू येतं. पण वितळणबिंदू खरोखरच काहीतरी सांगतो. केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून, मोजलं तर जस्त 693 ला वितळतं आणि आपली खोली असते 300 ला. म्हणजे साधं जस्त टेबलावर पडल्यापडल्याच वितळण्याच्या 43 टक्के वाटेवर आहे. लोखंड जेमतेम 17 टक्के. साधारण 40 टक्क्यांपुढे धातू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकू लागतो. मिश्रधातूत हे सरकणं कमी होतं, थांबत नाही. स्क्रू ढिले होतात, भोकं अंडाकृती होतात, आणि कुत्र्याची वाट रुंदावते. पुन्हा टायमिंगच!

तरी जस्त म्हणजे पाप नव्हे. दाब सोसतात ते सिलिंडर आणि नळी. हेरिटेज कंपनीचं .22 चं 'रफ रायडर' जस्ती फ्रेमचंच आहे, पण नळी आणि सिलिंडर पोलादी. .22 चं काडतूस फ्रेमवर मागे फार तर 400 किलोचा धक्का देतं, तोही हजारांश सेकंदभर. .357 मॅग्नम दीड टनाच्या वर. पहिल्याला जस्त पुरतं, दुसऱ्याला नाही.

धातूच्या नावाला भुलण्याची खोड आपल्याकडेही आहेच. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं तेव्हा टायटॅनियम, अर्धा किलो वजन आणि 1 लाख 22 हजारांच्या आसपास किंमत, हेच गाजलं. टायटॅनियमने वजन उतरतं, टायमिंग नाही सुधारत. शिवाय हत्यार हलकं झालं की हाताला धक्का जास्त बसतो, हे नववीच्या संवेगाच्या धड्यात आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याला लेथला हळदकुंकू लागायचं, पेढे मीही खायचो. दुसऱ्या दिवशी चक आदल्या दिवसाइतकाच वाकडा फिरायचा, आणि जिथे कुंकू ओलं राहिलं तिथे गंज.

स्वस्त कंपन्यांवर एक उपकारही मानायला हवा. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे, हातातून पडलं की गोळी सुटायची. म्हणून जाणकार सहाऐवजी पाचच भरायचे. उपाय काढला तो आयव्हर जॉन्सन या स्वस्त माल विकणाऱ्या कंपनीने: घोडा आणि काडतुसाला टोचा मारणारी टाचणी यांच्यात कायमची मोकळी जागा, आणि चाप ओढल्यावरच वर येऊन धक्का पोहोचवणारी एक पोलादी पट्टी. चाप सुटला की पट्टी खाली, मग घोड्यावर हातोडा मारला तरी काही होत नाही. त्यांच्या जाहिरातीत खरंच हातोडा मारत. 1901 मध्ये बफेलोला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर याच कंपनीचं साडेचार डॉलरचं रिव्हॉल्व्हर चाललं. रुगरसारख्या प्रतिष्ठित कंपनीने ही पट्टी आपल्या काउबॉय घाटाच्या रिव्हॉल्व्हरना बसवायला 1973 साल उजाडलं.

भाच्याला मी फोनवरच तपासणी सांगितली. दुकानदाराकडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करून घे, स्वतः पाहा, नळी जमिनीकडे धर. सिलिंडरवर अंगठा हलका टेकव, म्हणजे तो स्वतःच्या वेगाने पुढे जाणार नाही. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढ आणि कान दे. घोडा अडकण्याआधी खटक्याचा 'टक्' आला पाहिजे. असं सहाही घरांना, एकही न गाळता.

कंपनीचं नाव इथे घेत नाही. पहिलं घर टक्. दुसरं टक्. तिसरं टक्. चौथ्याला घोडा मागे जाऊन अडकला, पण खटका बसलाच नाही. अंगठ्याने सिलिंडर जरा पुढे रेटला तेव्हा आवाज आला. दुकानदाराने कुरकुर न करता मागच्या खोलीतून त्याच मॉडेलचं, त्याच किमतीचं दुसरं खोकं आणलं. त्यात सहाही टक् आले.