गाडीला किरकोळ ठोकर बसली? आधी हिशोब, मग क्लेमचा अर्ज

सिग्नलला मागून रिक्षा टेकली आणि बंपर फुटला, किंवा सोसायटीच्या गेटवर वळताना खांबाला फेंडर घासला, की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, क्लेमच टाकून देऊ ना." तो बरोबरही असू शकतो. पण क्लेम मिळतो म्हणून टाकायचा, हा विचार किरकोळ नुकसानीत बऱ्याचदा अंगाशी येतो. म्हणून आधी पात्रता बघू, मग पैशांचा हिशोब, आणि कागदपत्रं त्यानंतर.

क्लेम बसतो का?

कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. त्यातून समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुमच्या बंपरसाठी छदामही मिळत नाही. स्वतःच्या गाडीसाठी पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे ओडीचा भाग लागतो. इथे एक फसगत नेहमीची आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो, पण ओडी बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. विमा तीन वर्षांचा आहे या समजुतीत मालक निवांत असतो आणि ओडी कधीच संपलेला असतो. पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा.

अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं वैध लायसन्स हवं. चालवणारा मालकच असला पाहिजे असं नाही. भाऊ, मित्र, ड्रायव्हर कोणीही चालतो. दारू पिऊन चालवली असेल किंवा खासगी कारमधून भाड्याने प्रवासी नेले असतील, तर क्लेम नाकारला जातो. जुनी गाडी घेतली असेल तर आरसीबरोबर पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मुदत 14 दिवसांची असते. पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, तर ओडीचा क्लेम ना त्याला मिळतो ना तुम्हाला.

पीयूसी संपलं होतं म्हणून क्लेम मिळणार नाही, हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तसं काही नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्येच स्पष्ट केलं आहे. पीयूसी नसल्याचा दंड मात्र वेगळा बसू शकतो.

चूक समोरच्याची असेल तर?

त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीची भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. दहा हजारांच्या बंपरसाठी त्या वाटेला कोणी जात नाही. लोक आपल्याच ओडीतून क्लेम घेतात. आणि कटू भाग असा की, चूक शंभर टक्के समोरच्याची असली तरी आपला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट, जातोच.

हिशोब असा मांडा

क्लेम घेतला की तीन ठिकाणी पैसे जातात. पहिली गोष्ट, सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम: 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये, त्यावरच्या कारला 2000. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही. दुसरी, घसारा, म्हणजे भाग जुना झाल्यामुळे धरलेली किमतीतली घट. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयानुसार. रंगकामाच्या एकत्रित बिलातला 25 टक्के भाग रंगसामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. झिरो डेप हे जादा प्रीमियमचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, सक्तीची वजावट मात्र द्यावीच लागते.

तिसरी गोष्ट, गमावलेला नो क्लेम बोनस, बिलावर दिसत नाही. ती पुढच्या वर्षीच्या प्रीमियममध्ये दिसते.

समजा, 1200 सीसीची कार आहे आणि झिरो डेप नाही. नवा बंपर 6000, रंग 4000, मजुरी 1000, एकूण 11,000. बंपरचे निम्मे म्हणजे 3000, रंगाचे 500 कापून 3500, मजुरीचे पूर्ण 1000. झाले 7500. त्यातून वजावट 1000, म्हणजे हातात 6500.

आता दुसरी बाजू. सध्या 35 टक्के बोनस आहे आणि बोनसच्या आधीचा ओडी प्रीमियम 8000 आहे असं धरा. क्लेम न घेतल्यास पुढच्या वर्षी 45 टक्के आणि नंतर दरवर्षी 50 टक्के सूट मिळाली असती. क्लेम घेतल्यावर ती शून्यावर येते आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशी चढते. पाच वर्षांतला फरक अनुक्रमे 3600, 2400, 2000, 1200 आणि 400. बेरीज 9600. गाडी जुनी होते तसा ओडी प्रीमियम उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी भरेल, तरीही 6500 साठी एवढं घालवणं मला तरी पटत नाही. बोनस सुरुवातीचाच असेल, बोनस संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन असेल किंवा बंपरबरोबर हेडलाइट, रेडिएटर, बॉनेटही गेलं असेल, तर गणित सरळ उलटतं. मग बिनधास्त क्लेम टाका.

ठोकर बसल्यावर

कोणी जखमी असेल तर बाकी सगळं नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. फक्त स्वतःच्या गाडीला डेंट आला असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत. दोन्ही गाड्यांचे नंबरप्लेट दिसतील असे फोटो जागेवरच काढा. रस्त्यात गर्दी जमून दबाव आला तरी "चूक माझी, खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे.

मग कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा टोल फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर घ्या. उशीर करू नका. मात्र उशिराला रास्त कारण असेल, तर निव्वळ त्या मुद्द्यावर खरा क्लेम फेटाळू नये, असं नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना बजावलं आहे.

सर्व्हे, म्हणजे कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरची नुकसानीची पाहणी, होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. स्टँडर्ड पॉलिसीत सर्व्हेआधी स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करून घ्यायची मर्यादा 500 रुपये आहे. एवढ्यात हल्ली साइड मिररही बसत नाही. गाडी ओढून न्यावी लागली तर तिचा खर्च कारसाठी 1500 रुपयांपर्यंत मिळतो.

कागदपत्रं

भरलेला आणि सही केलेला क्लेम फॉर्म, आरसी, चालकाचं लायसन्स, पॉलिसीची प्रत आणि गॅरेजचं इस्टिमेट. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी चालतात. केवायसी आणि खात्याचा तपशीलही मागतात. कॅशलेस, म्हणजे कंपनी थेट गॅरेजला पैसे देते अशी सोय, नसेल तर मूळ बिल आणि पैसे भरल्याची पावती लागते. फॉर्ममधला अपघाताचा मजकूर स्वतः लिहा; गॅरेजच्या माणसाला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. डाव्या दारावरचा जुना ओरखडा यातच बसवतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. सर्व्हेअरला ठोकरीची दिशा कळते, आणि वेगळा अपघात म्हणजे वेगळा क्लेम, वेगळी वजावट.

बंपर उघडल्यावर आतलं आणखी काही तुटलेलं निघालं, तर काम थांबवून पुरवणी इस्टिमेट मंजूर करून घ्यावं लागतं. बदललेले भाग गॅरेजमध्येच राहू द्या, फेरतपासणीला ते दाखवावे लागतात. डिलिव्हरी घेताना समाधानपत्रावर सही मागतील. त्याआधी गाडी उन्हात उभी करून नव्या-जुन्या रंगाची छटा जुळते का बघा, बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का तेही बघा. सही झाल्यावर गॅरेज दाद देत नाही.

मुदती आणि तक्रार

आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. रक्कम कमी मंजूर झाली तर कुठे किती कापलं, याचा तपशील लेखी मागा. पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे दाद लागली नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर. तक्रार देऊन महिना उलटला किंवा उत्तर समाधानकारक आलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही.