भायखळ्यातल्या दोन लशी

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा मुंबईच्या इतर केंद्रांवर कोव्हिशिल्ड होती. कोव्हॅक्सिन मिळत होती ती भायखळ्याच्या जेजे रुग्णालयात, आणि तिथे ती घेणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना आधी एका संमतीपत्रावर सही करावी लागत होती. ३ जानेवारीला या लशीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून ती किती परिणामकारक ठरते याचे आकडे आलेलेच नव्हते. परवानगीही 'चाचणीच्या स्वरूपात' होती. सुरुवातीचे दिवस जेजेतला प्रतिसाद थंड राहिला. टीव्हीवर तोवर देशाभिमान विरुद्ध भीती असा सामना रंगला होता. रांगेतल्या माणसाचा प्रश्न त्याहून साधा होता: आकडे कुठे आहेत?

हा प्रश्न याच आवारात पूर्वीही विचारला गेला होता. म्हणून ही पार्श्वभूमी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. गोदामांच्या आणि गोदीच्या शेजारच्या वस्तीत कुणी प्लेगचं नाव घेणं म्हणजे जहाजं अडणं, माल पडून राहणं. त्यामुळे पहिला वाद रोगाच्या नावावरूनच झाला. जंतूची खात्री पटेपर्यंत आजार शहरात पसरला होता. मग सरकार उलट्या टोकाला गेलं. घरांत शिरून तपासणी, रुग्णाला उचलून नेणं, सामान जाळणं. आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला या सगळ्याला बळ देणारा साथरोग कायदा. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर (आजचं कस्तुरबा) हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका विणकराच्या आजारी मुलीला हलवायला पथक आलं आणि दंगल पेटली. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. रुग्णालयात गेलेलं आपलं माणूस बहुधा परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यापुरता तोच पुरावा होता.

याच काळात जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे जेजेच्याच आवारात, प्लेगवरची लस बनवत होते. प्लेगचे जंतू वाढवायच्या रश्शावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ लोंबत्या झुंबरासारखी खाली येई. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांत प्लेगचे रुग्ण न टोचलेल्यांपेक्षा खूपच कमी निघाले. दोन गटांची अशी शेजारी ठेवून केलेली तुलना त्या काळी मोठी गोष्ट होती. कैद्याच्या 'हो'ला कितपत मोकळा 'हो' म्हणायचं, हा प्रश्न मात्र आजही मनातून जात नाही.

तुरुंगातल्या आकड्यांनी शहर हललं नाही. खोजा समाजात लस पोचली ती त्यांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतल्यावर. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. सरकारी पथक दाराशी आलं की कडी लागे. आपल्यातला माणूस बाही वर करून बसला की शेजारीही पुढे येत.

खरी परीक्षा पुढे झाली, आणि ती मुंबईपासून फार दूर. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेत बनलेली लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस मिळालेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीच झालं नाही. लस निर्जंतुक करताना कार्बोलिक आम्ल न वापरण्याचा बदल हाफकिन यांनी केला होता. संशय तिथे गेला. चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं.

पण गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं होतं. शिवाय उघडलेल्या बाटलीचा वास डॉक्टरांनी नियमाप्रमाणे घेतला होता आणि तो वावगा नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळपासून बाटलीत वाढत असते, तर ती नाकाजवळ धरवली नसती. एवढा साधा मुद्दा. पण साक्षींची कागदपत्रं वर्षानुवर्षं बाहेरच आली नाहीत, म्हणून तो कुणाला तपासता आला नाही. ती प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून जाहीरपणे बाजू मांडली आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव तेवढं मिळालं. दरम्यानच्या वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसं गेली. मुलकोवालच्या धास्तीने त्यांतल्या किती जणांनी दंड पुढे केला नाही, हे मोजायला कुणी बसलं नाही.

नंतरच्या वादांत वेळेचं गणित बदललं. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी फिरली आणि लोक बाटल्या भरू लागले. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगतं, हे जाणकार सांगेपर्यंत कित्येकांनी ते कारखान्यांच्या सांडपाण्याचं पाणी पिऊन टाकलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये कलिना संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तिथे उत्तर तयार होतं: बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच या विद्येचा आधार मानल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं तपासून ती उडूच शकत नाहीत असं दाखवलं होतं. तो जुना अभ्यास लोकांना माहीत झाला तो गदारोळ उठल्यावर. हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण इथे पुराव्याची वाट पाहायची नव्हती, तो चाळीस वर्षं कपाटात होता.

जेजेतल्या लशीचे आकडेही आले. ३ मार्च २०२१ ला अंतरिम निकालात ८१ टक्के परिणामकारकता जाहीर झाली, ११ मार्चला 'चाचणीच्या स्वरूपात' ही अट निघाली आणि संमतीपत्रही गेलं. अंतिम आकडा ७७.८ टक्के होता. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा सगळा तपशील, इतर शास्त्रज्ञांनी तपासून, आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. पहिल्या दिवशी सही करून दंड पुढे करणाऱ्या परिचारिकांना तेव्हा लस घेऊन दहा महिने होत आले होते.