जून पान वेगळं, जुनी येर्बा वेगळी

येर्बा माते या दक्षिण अमेरिकेतल्या पेयावर काही वाचायला घ्यावं, तर हे वाक्य हमखास समोर येतं: ‘पान जितकं जुनं, तितके अँटिऑक्सिडंट कमी.’ कधी नेमकं उलटं: ‘जुनी येर्बा (म्हणजे मातेची वाळवलेली पानं) जास्त गुणकारी.’ दोन्हीकडे ‘जुनं’ म्हणजे कुठे जुनं झालेलं, झाडावर की गोदामात, याचा पत्ता नसतो. दुसऱ्या एखाद्या भाषेत हा घोळ झाला तर समजू शकतो. आपल्याकडे ‘जून’ आणि ‘जुना’ असे दोन शब्द हाताशी असताना तो घालायचं कारणच काय?

चहा तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ओळख थोडक्यात. माते चहाच्या कुळातली नाही. अर्जेंटिनाचे मिसिओनेस आणि कोरिएन्तेस प्रांत, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील इथल्या एका सदाहरित झाडाची ही पानं. (उच्चार मा-ते. पौराणिक नाटकातलं ‘हे माते’ आठवलं तर माझा इलाज नाही. मुळात हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला, भोपळ्याच्या तुंब्यासाठीचा.) चहातली कॅटेचिनं, म्हणजे त्याची अँटिऑक्सिडंट द्रव्यं, इथे शोधू नका. इथला कारभार क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या भावंडांकडे आहे. कच्च्या कॉफीबीतही हेच घराणं असतं. जोडीला रुटिन, सॅपोनिनं, कॅफीन आणि त्याचं जवळचं नातलग थिओब्रोमिन.

आता जून पान. कोवळं पान फिकट, मऊ आणि पातळ असतं, उजेडासमोर धरलं तर शिरा दिसतात. जून पान गर्द हिरवं, चामड्यासारखं, काठाला बोथट दाते असलेलं. हा फरक नुसता स्पर्शाचा नाही. कोवळ्या पानाला किड्यांपासून वाचवायला जाड भिंती नसतात, म्हणून ते रसायनांवर भिस्त ठेवतं. कॅफीन प्रामुख्याने याच वयात तयार होतं: आधी थिओब्रोमिन, मग त्याला आणखी एक मिथाइल गट जोडून कॅफीन. पान वाढलं की ही निर्मिती मंदावते आणि सेल्युलोज, लिग्निन या पान टणक करणाऱ्या द्रव्यांचा भरणा सुरू होतो. म्हणजे कॅफीनची टक्केवारी दोन बाजूंनी घसरते: नवीन माल कमी येतो आणि आहे तो जास्त वजनात विभागला जातो. ‘जून पानातलं कॅफीन नष्ट होतं’ असं लिहिणाऱ्यांच्या लक्षात हा दुसरा भाग येतच नाही.

फिनॉलिक द्रव्यांचं, म्हणजे क्लोरोजेनिक आम्लासारख्या अँटिऑक्सिडंटांचं, गणित इतकं सरळ नाही. वय हा त्यातला एकच घटक. ऊन दुसरा, आणि तो कधी कधी वयावर मात करतो: उन्हातल्या पानात फिनॉलिकं वाढतात, सावलीतल्या पानात कॅफीन. त्यामुळे सावलीतलं कोवळं आणि उन्हातलं जून पान शेजारी ठेवून ‘वयाचा परिणाम’ सांगणं मला पटत नाही. ओल्या पानांच्या वजनावर काढलेले आकडे तर मी वाचतही नाही. कोवळ्या पानात पाणीच जास्त, मग तुलना कशाची करायची?

जुनी येर्बा ही निराळीच गोष्ट. तोडलेल्या फांद्या काही तासांतच ज्वाळेवरून फिरवतात. याला सापेकादो म्हणतात, आणि त्या थोडक्या वेळात पानातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात. मग वाळवण, भरड, आणि अर्जेंटिनात त्यानंतर मुरवण. नैसर्गिक पद्धतीने हे दोन वर्षांपर्यंत चालतं. उष्णता आणि दमट हवा देऊन एक-दोन महिन्यांतही उरकतात. या काळात पान मेलेलंच असतं. ते काही नवीन बनवू शकत नाही, जे आहे त्यातच फेरफार होतात. हरितद्रव्य मोडून हिरव्याचं पिवळट होतं, गवताळ वास उडतो, कडूपणाची धार बोथट होते. काळा चहा विकरांच्या कामामुळे होतो; इथे ती आधीच गेलेली असल्यामुळे हा काळा चहा होण्याचा प्रकारही नव्हे, ही तुलना कृपया थांबवा. ब्राझीलच्या शिमाराँवमध्ये, म्हणजे तिथल्या मातेत, याच्या उलट, ताजी, बारीक, पोपटी भुकटी हवी असते. पिवळी पडली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. दोन्हीकडे पानं मात्र जूनही असू शकतात, कारण इथे चहासारखी दोन पानं-एक कळी खुडत नाहीत. तारेफेरो म्हणजे तोडणी कामगार फांद्याच छाटतात, आणि एका फांदीवर सगळ्या वयाची पानं असतात.

म्हणूनच ‘फक्त कोवळ्या पानांची’ म्हणून मिरवणाऱ्या मातेचं मला कौतुक नाही. चहाची प्रतिष्ठा उसनी आणून इथे चिकटवलेली वाटते. चवीसाठी मला जून पान आणि मुरलेली येर्बाच बरी.

भाजलेल्या मातेबद्दल एकच वाक्य: भाजण्यात क्लोरोजेनिक आम्लांचं जे नुकसान होतं, त्यापुढे पानाच्या वयाची चर्चा किरकोळ आहे. काड्यांचंही तेच. अर्जेंटिनाच्या नियमांत काड्यांसह विकल्या जाणाऱ्या येर्बात ३५ टक्क्यांपर्यंत काड्या चालतात, आणि काडीत कॅफीन पानापेक्षा कमी असतं. शिवाय माते पिण्याच्या तुंब्यात पन्नासेक ग्रॅम येर्बा भरून तिच्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओततात, चहाच्या पिशवीत जेमतेम दोन ग्रॅम पत्ती असते. एका ग्रॅममागचे आकडे घेऊन या दोन पेयांची तुलना करणाऱ्याने आधी तो तुंबा एकदा हातात धरून पाहावा.

पाकिटावर ‘२४ महिने मुरवलेली’ असं दिसलं, तर ते गोदामातले महिने. पान फांदीवर किती दिवस होतं, हे त्यावरून कळत नाही.