बुटका घायपात (कोकणातील कुंडी-लागवड)

शतावरी कुलातल्या अगेव्ह प्रजातीमधील ठेंगण्या, शोभेच्या वनस्पती. कोकणात बांधावर वाढणारा आणि वाखासाठी माहीत असलेला थोरला घायपात याच प्रजातीतला. त्याचा पसारा अंगणात परवडत नाही. बुटके प्रकार मात्र वीतभर ते हातभर रुंदीचे राहतात, म्हणून पडवी, गच्ची किंवा पायऱ्यांच्या कठड्यावर सहज मावतात.

सर्वांत देखणी जात व्हिक्टोरिया रेजिनी. ती मूळची ईशान्य मेक्सिकोतली. थॉमस मूर यांनी १८७५ मध्ये तिचे वर्णन केले आणि राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. गर्द हिरव्या पानांना दातेरी कडा नसते. काठाने पांढरी रेघ आणि टोकाला काळा काटा एवढेच. पानांवरच्या आडव्यातिडव्या पांढऱ्या खुणा म्हणजे पोंग्यात (मधल्या न उमललेल्या पानांच्या सुरळीत) एकमेकांवर दाबून बसलेल्या पानांचे ठसे. पोटाटोरम ही दुसरी जात निळसर राखी, दातेरी काठांची. लहान मुलांच्या घरी ती जरा दूरच ठेवावी.

घायपाताची पर्णछिद्रे मुख्यत्वे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. हीच सोय कोकणात गैरसोय ठरते. व्हिक्टोरियाच्या मूळ मुलखात, चिवावाच्या वाळवंटात, वर्षाला सरासरी २५० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. किनारपट्टीवर मृगानंतर कधीकधी तेवढा एका दिवसात होतो. खारा वारा, रखरखीत कातळ, एप्रिलचे ऊन हे सगळे घायपात बऱ्यापैकी सोसतो. मरतो तो श्रावणाच्या आगेमागे, आणि तोही आतून: वरची पाने ताठ दिसतात, पण पोंगा धरून हलवला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजका वास मारतो. माडाची पोंगा कुज पाहिलेल्या माणसाला हे चित्र नवीन नाही.

म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांत या कुंड्यांचीही आठवण ठेवावी लागते. छपराखाली, उजेडाच्या पण पागोळी न पडणाऱ्या जागी त्या हलवतात. पावसाळाभर पाणी जवळजवळ देत नाहीत. आडोसा नसेल तर कुंडी विटेवर तिरपी टेकवतात, म्हणजे पोंग्यात पाणी साचत नाही. मातीची, रुंद तोंडाची, मोठ्या भोकाची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी. मिश्रणात निम्म्याहून अधिक खडी हवी. चिरेखाणीवरचा जांभ्याचा चुरा चालतो, पण चाळूनच; त्यातली भुकटी पाणी धरून ठेवते. पुळणीवरची वाळू खारट, ती टाळावी. नदीची भरड वाळू घ्यावी. शेणखत मूठभर पुरे.

दसऱ्यानंतर कुंड्या हळूहळू उन्हात आणतात. एकदम आणल्या तर पानांवर पांढुरके करपे पडतात आणि ते कायमचे राहतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठूळ कीड) बसतो. तो कापसाच्या बोळ्याने पुसून काढतात.

फुलोरा एकदाच येतो आणि त्यानंतर ते रोप मरते. व्हिक्टोरियाला यासाठी बहुधा वीस-तीस वर्षे लागतात. इतर बऱ्याच जाती बुडाशी पिल्ले देतात, ती काढून कापलेला भाग काही दिवस सावलीत सुकवून लावतात. व्हिक्टोरिया सहसा एकांडीच राहते आणि बियांपासूनच वाढवावी लागते, त्यामुळे रोपवाटिकेत तिची किंमत चढी असते. पाने छाटताना हातमोजे घालावेत. चीक अंगाला लागला तर खाज सुटते.