एका बापाच्या तीन एलिझाबेथ

स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याला एलिझाबेथ नावाच्या तीन मुली होत्या. पहिली १७८५ सालची, एलिझाबेथ पेटनची लेक. तिला बेस म्हणत. दुसरी १७९१ च्या मार्चमधली, अ‍ॅन पार्कची, ती बेटी. तिसरी एलिझाबेथ रिडेल, बर्न्सची बायको जीन आर्मर हिची, १७९२ च्या नोव्हेंबरात जन्मलेली. बेसला बर्न्सच्या आईनं सांभाळलं. बेटीला मात्र जीननं आपल्याच मुलांबरोबर वाढवलं. म्हणजे एका बापाच्या तीन एलिझाबेथ एकाच वेळी हयात होत्या, आणि त्यांतल्या दोघी एकाच घरात वाढत होत्या. तिसरी तीन वर्षांची व्हायच्या आतच, १७९५ मध्ये गेली.

स्कॉटलंडमधलं आपलं घराणं शोधणारे एक ठोकताळा सर्रास वापरतात: त्याच घरात तेच नाव पुन्हा दिसलं, की आधीचं मूल वारलं असं धरायचं. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. बर्न्सच्या घरात हा ठोकताळा वापरला असता, तर बेटीचा जन्म पाहून आपण जित्याजागत्या बेसला मारून टाकलं असतं. या मुलींच्या आया वेगळ्या होत्या हे खरं. पण सख्ख्या भावंडांतही हे घडत असे. कसं, ते कळायला तिथली नावं ठेवण्याची रीत पाहावी लागते.

बर्न्सचीच भावंडं घ्या. थोरला रॉबर्ट, वडिलांच्या वडिलांचं नाव. दुसरा गिल्बर्ट, आईच्या वडिलांचं. तिसरा विल्यम, खुद्द वडिलांचं. थोरली मुलगी अ‍ॅग्नेस, आईच्या आईचं नाव. रीत साधारण अशी होती: पहिल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या, तिसऱ्याला वडिलांचं, पहिल्या मुलीला आईकडच्या आजीचं, दुसरीला वडिलांकडच्या आजीचं, तिसरीला आईचं. सगळेच ती काटेकोर पाळत असं नाही, काही घरांत क्रम उलटाही असे. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे मधे बापाचं नाव येतं आणि चुलतभाऊ वेगळे ओळखू येतात. तिथे फक्त नाव आणि आडनाव. एका जॉनचे पाच मुलगे आपापल्या थोरल्याचं नाव जॉन ठेवत, आणि एका गावात एकाच नावा-आडनावाचे पाच चुलतभाऊ मोठे होत.

आता दोन्ही आजोबा जॉन असतील तर? काही आईबाप दोघांचाही मान राखत आणि घरात दोन जॉन नांदत. हाका मारताना थोरला-धाकटा असा फरक होई. नोंदवहीत मात्र दोघेही नुसतेच जॉन.

याहून कितीतरी वेळा कारण दुःखाचं असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातसुद्धा स्कॉटलंडमध्ये हजार बाळांमागे शंभराहून जास्त बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आजोबांचं नाव ठेवलेलं बाळ गेलं, तरी आजोबांच्या नावाचं देणं फिटलेलं नसे. पुढच्या मुलाला तेच नाव मिळे. तेही गेलं तर तिसऱ्याला. जुन्या नोंदी वाचताना एकाच घरात तीनदा आलेलं ते नाव पाहिलं, की मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

अडचण अशी की पहिलं मूल खरंच गेलं का, हे सांगणारी नोंद बहुधा सापडतच नाही. १८५५ च्या आधी माहितीचा मुख्य आधार म्हणजे पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, वह्या. त्यांतली सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ पासूनची. बाप्तिस्मे बऱ्यापैकी लिहिलेले असतात, दफनं फारच कमी. १७८३ ते १७९४ या काळात तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरीब माणूस नोंद टाळायचा. मुख्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांची मुलं या वह्यांत अनेकदा नसतातच. त्यामुळे मृत्यूची नोंद नाही म्हणून मूल जगलं म्हणता येत नाही, आणि तेच नाव पुन्हा आलं म्हणून ते गेलंच असंही म्हणता येत नाही.

१ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्या पहिल्या वर्षाचे दाखले म्हणजे संशोधकांसाठी घबाडच! जन्माच्या दाखल्यात आधीची मुलं किती, त्यांतली हयात किती, गेलेली किती. मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या सगळ्या मुलांची नावं आणि वयं. हयात असलेले दोन जॉन असतील तर इथे शेजारी शेजारी दिसतात. एवढं लिहिणं निबंधकांना झेपेना, आणि पुढच्याच वर्षी यातले बरेच रकाने गेले.

एकाच माणसाच्या वेगवेगळ्या नोंदी ओळखून जुळवण्याचं काम आता संगणकाकडे आलं आहे. १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांनी त्यामागचं गणित मांडलं. त्याचं सार असं: जुळलेलं नाव जितकं दुर्मीळ, तितकं त्याचं वजन जास्त. समजा, सहा पुरुषांमागे एक जॉन आहे, तर दुसऱ्या नोंदीतला माणूस निव्वळ योगायोगानंही जॉन निघण्याची शक्यता सहात एक. तेच नाव हजारात एकाचं असेल, तर ते जुळणं मोठा पुरावा ठरतं. स्कॉटलंडच्या दाखल्यांत आईचं माहेरचं आडनावही असतं, त्यामुळे भावंडं एकत्र गोळा करणं सोपं जातं. आणि नेमकं इथेच एका नावाच्या भावंडांपुढे गणित अडतं. नाव, आडनाव, बाप, आई, माहेर, गाव, सगळं तंतोतंत जुळतं. उरतं फक्त वय, आणि वयाचा भरवसा नाही; १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती.

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तर आणखी एक गुंता. तिथले लोक गेलिक ही आपली जुनी भाषा बोलत, निबंधक इंग्रजीत लिहीत. गेलिकमधले इयन आणि ओइन हे दोघेही वहीत जॉन होतात. स्काय आणि किल्मार्नक हे शहर इथल्या १८६१ ते १९०१ च्या नोंदी अभ्यासकांनी एकेक करून हातानं जुळवल्या, आणि संगणकाची जुळणी कितपत बरोबर आहे हे या हातच्या जुळणीशी ताडून पाहिलं जातं.

हा सारा खटाटोप फक्त वंशावळीसाठी नाही. नाव पुन्हा आलं की आधीचं मूल गेलं असं सरसकट धरलं, तर त्या काळचा बालमृत्यूदर फुगतो. ती खूण अजिबात मानली नाही, तर दफनाची नोंद न झालेली असंख्य बाळं हिशेबातून गळतात. म्हणून प्रत्येक जॉनच्या मागे पुढपर्यंत जावं लागतं: लग्न, जनगणना, मृत्यू. थोरल्याचं लग्न सापडलं, की धाकट्याच्या जन्मामुळे त्याच्यावर लादलेला मृत्यू पुसला जातो.

बेस आणि बेटीही अशाच वेगळ्या करता येतात, मात्र जपून. बेसनं जॉन बिशपशी लग्न केलं, बेटीनं जॉन थॉमसनशी. दोघींचं नाव एक, बाप एक, नवऱ्याचंही नाव एक. बेस १८१७ मध्ये वारली, सरकारी नोंदणी सुरू व्हायच्या कितीतरी आधी. बेटी १८७३ पर्यंत जगली.