बागेतल्या पांढऱ्या माशीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए

पांढरी माशी म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा रस शोषणारा किडा, शास्त्रीय नाव बेमिसिया टॅबॅसी, आणि पपईवरचा लीफ कर्ल व्हायरस पसरवते ती हीच. सांगली-साताऱ्याकडं पपईच्या प्लॉटात जाऊन शेंड्याचं पान जरा हलवलं की खालून पीठ उधळल्यासारख्या माश्या उडतात. रोग लागला की पानं खाली वळून उलट्या वाटीसारखी होतात, शिरा जाड होतात, देठ पिळवटतो, मग फळाची आशा सोडायची.

आता गोम अशी की मायक्रोस्कोपखाली धरली तरी सगळ्या माश्या सारख्याच दिसतात, पण ही एक जात नाहीच, हुबेहूब दिसणाऱ्या चाळीसच्या वर जातींचा गोतावळा आहे, कुठली कुठल्या पिकावर फोफावते आणि कुठली औषधाला दाद देत नाही हे ज्याचं त्याचं वेगळं. म्हणून मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा, डीएनए वाचतात. हा छोटा गोल डीएनए साधारण १५ हजार अक्षरांचा, त्यात ३७ जीन्स, आणि पेशीत त्याच्या भरपूर कॉपी असल्यामुळं एका माशीतनंसुद्धा काम भागतं. त्यातल्या सीओआय नावाच्या जीनचा साडेसहाशे-सातशे अक्षरांचा तुकडा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या कॉपी काढायच्या तंत्रानं, वाढवून वाचायचा, दोन माश्यांत साडेतीन टक्क्यांच्या वर फरक निघाला तर जात वेगळी धरतात. १९९९ मध्ये कर्नाटकात कोलारकडं टोमॅटोवर माशीचा उद्रेक झाला तेव्हा ती बाहेरून आलेली बी बायोटाइप, म्हणजे याच गोतावळ्यातली एक जात, आहे हे डीएनएवरूनच पक्कं झालं.

पण हा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाकडचं काहीच कळत नाही, त्यामुळं संकर झाला असला तरी तो यात दिसणार नाही. या माशीत तर नर बिनफळल्या अंड्यातनंच जन्मतो, म्हणजे नराला बापच नसतो, मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. वोल्बाकियासारखे बॅक्टेरियाही अंड्यातनंच पुढं जातात, ते ज्या आईच्या वंशात असतील तो वंश वाढला की त्याचा डीएनएही सगळीकडं पसरतो आणि जुना इतिहास पुसला जातो. औषधाला न जुमानण्याचे जीन्स बहुतेक पेशीच्या केंद्रकातल्या मुख्य डीएनएत असतात, तेव्हा नुसत्या सीओआयवरून फवारणी ठरवू नये.

तपासणीला माशी द्यायची तर ओल्या ब्रशनं उचलून लगेच ९५ टक्के अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये टाकावी आणि ट्यूबवर पीक, गाव, तारीख पेन्सिलनं लिहावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलनं पुसते.