‘ब्याण्णव’ की ‘नव्वद दोन’: गणितावरच्या नाराजीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत गणितावर पालकांच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पोरगं पास होतं पण हिशेब जमत नाही, ही एक. घरी शिकवलेलं शाळेत चालत नाही, ही दुसरी. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

पाव-दीडच्या पाढ्यांपर्यंत, म्हणजे पावकी-दिडकीपर्यंत, मागे जायचं कारण नाही. 1957 ला रुपयाचे शंभर असे नवे पैसे आले आणि ते पाढे हळूहळू मागे पडले. आजचा गुंता 2010 नंतरचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला 60 गुण आकारिक (वर्गात चालू कामावर दिलेले) आणि 40 संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) झाले. तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय यांत 50 पडले आणि संकलितमध्ये 12, तरी बेरीज 62 आणि प्रगतिपत्रकावर ब-2. बापाला ब-2 दिसतो, 40 पैकी 12 दिसत नाहीत. 2015 पासूनच्या पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचं विचारतात. तिथे तेच मूल अडतं आणि बोलणी मास्तरांना बसतात.

सगळ्यांत गाजलं ते 2019 चं दुसरीचं पुस्तक. त्यात एकवीस हे ‘वीस एक’, ब्याण्णव हे ‘नव्वद दोन’ असंही वाचायला दिलं. विधानसभेत ‘वीस’ असलेल्या आडनावावरून कोट्या झाल्या. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही होती, हे मात्र गावापर्यंत पोचलंच नाही.

अडचण खरी आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. म्हणून ऐकून लिहिताना 25 चे 52 होतात. ‘एकोण’ त्याहून अवघड: एकोणपन्नास ऐकलं की कानावर पन्नास पडतं, मूल 5 मांडतं, पुढे 9 लावतं आणि 59 होतात. त्यात त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरं. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटी’ म्हणतात, म्हणजे वीस एकच. सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला हा उलटा क्रम शाळेतच पहिल्यांदा भेटतो. ‘वीस एक’च्या विरोधकांचा एक मुद्दा बिनतोड होता: किराणा दुकानात कोणी ‘सत्तर पाच’ म्हणत नाही, पंच्याहत्तरच म्हणतात, तेव्हा मुलाला शेवटी दोन्ही शिकावंच लागतं. पण वाद रंगला तो भाषेच्या अभिमानावर. ‘वीस एक’ ही दशक-एकक समजायची पायरी आहे, नावाची बदली नाही, एवढं पालकसभेत दहा मिनिटांत सांगता आलं असतं.

दुसरी तक्रारही दशकापाशीच अडते. 52 मधून 27 वजा करताना शाळेत वरचा एक दशक सुटा करतात: 4 दशक, 12 एकक; 12 वजा 7 पाच, 4 वजा 2 दोन, उत्तर 25. काही घरांत जुनी रीत असते: उसना घेतलेला एक खाली फेडायचा, 2 चे 3 करायचे, मग 5 वजा 3 दोन. दोन्ही बरोबर. मूल मात्र वरचा 5 चा 4 करतं आणि खालच्या 2 चे 3 पण करतं. उत्तर येतं 15. वहीत असे 15 दिसले तर मूल ढ नाही, त्याला दोन गुरू आहेत.

नापास हा शब्द 2023 ला परत आला. पाचवीचा पेपर 50 गुणांचा, आठवीचा 60 चा, प्रत्येक विषयात 35 टक्के हवेत. म्हणजे 18 आणि 21. कमी पडले तर फेरपरीक्षा, तिथेही राहिलं तर तोच वर्ग. आकारिकच्या आधाराने वर आलेल्या मुलांचं गणित इथे उघडं पडतं.